डावी बाजू गाते

नेऱ्यात मालूबायला न बोलावता लग्न लागत नाही असं काही नाही. लागतात. भटजी येतो, अक्षता पडतात, डीजे वाजतो, पंगती उठतात. पण पुढे वर्षभराने नवराबायकोचं कुठे जरा खटकलं, की गावातली म्हातारी माणसं हळूच म्हणतात, "धवला पुरा झाला नव्हता." हे कानावर आलं की मालूबाय खूष होते, आणि ती खुशी लपवायचे कष्टही घेत नाही.

मालूबाय धवलारीण आहे. आगऱ्यांच्या लग्नात हळद लागण्याआधी जी बाई मांडवात बसून तांदळाच्या पिठाने चौक भरते, देवांना नि गावांना नावानं हाका मारून लग्नाला बोलावते, आणि हे सगळं गाऊन करते, ती धवलारीण. ती गाते ते धवले. ते कुठे लिहिलेले नाहीत. मालूबायला ते जासईच्या आत्याने दिले, मिठागराच्या बांधावर बसून. त्या मिठागरावर आता कंटेनर रचलेले आहेत, आत्या कधीच गेली, आणि धवले मालूबायच्या गळ्यात राहिले. ते तिथे कायमचे राहणार, अशी तिची समजूत होती.

धवल्याची एक रीत आहे. धवलारीण पुढे बसते, तिच्या पाठीमागे दोनचार बायका बसतात. पुढचीने ओळ टाकायची, मागच्यांनी ती उचलायची. मागच्यांमध्ये पहिली बसते ती चांगुणा. चांगुणाचा आवाज चांगला आहे, हे मालूबाय मान्य करते, पण अशा सुरात की ऐकणाऱ्याला तो चांगुणाचा दोष वाटावा. इतक्या वर्षांत तिने चांगुणाला पुढची ओळ एकदाही टाकू दिलेली नाही. पाणी प्यायचं असलं तरी सगळ्यांना थांबवून पिते.

आणि समोर, मांडवाच्या खांबाला टेकून, बसतो तिचा नवरा रामू. विहिरीला सुरुंग लावताना रामूचा उजवा कान गेला, डाव्याने वयाच्या मानाने आणखी थोडी सूट घेतली. तरी बायकोचा धवला असला की म्हातारा डोक्याला टोपी घालून हजर, आणि बसल्यापासून उठेपर्यंत बायकोच्या तोंडाकडे टक लावून. गावाने यावरून रामूची किती चेष्टा केली त्याला गणती नाही. "ऐकू येत नाय ते येत नाय, निदान बगून घेतंय," असं पोरं म्हणायची. मालूबाय वरवर रागवायची नि आतून फुलायची.

तर गेल्या एप्रिलमध्ये शेजारच्या वाडीत हळद होती. मालूबायची नात अंकिताही गेली होती. अंकिता खांदा कॉलनीत एका बँकेत नोकरी करते, स्कूटीवरून जाते-येते, आणि तिचंही लग्न मे महिन्याच्या शेवटाला ठरलेलं होतं; मुलगा जासईचा. नात आपल्याच माहेरी पडणार म्हणून मालूबाय सध्या जमिनीपासून वीतभर वर चालत होती.

देवांना नि गावांना बोलावून झालं होतं, चौक निम्मा भरला होता. मालूबायच्या उजव्या चिमटीतून पिठाची रेघ एकसारखी पडत होती. ती जरा हलली, मग वाकडी झाली, आणि पिठाची वाटीच उलटली. मालूबायने तोंड उघडलं. ओळ जिभेवर होती, पण बाहेर येईना. तोंडातून काहीतरी आलं, ते ओळीसारखं नव्हतं. क्षणभर मांडव थबकला. मग मागून चांगुणाने पुढची ओळ खणखणीत टाकली, बायकांनी उचलली, आणि धवला चालू राहिला. कुणाला काही वाटलं नाही. म्हातारी दमली असेल, म्हणून चांगुणाला ओळ दिली, असंच सगळ्यांना वाटलं. थोड्या वेळाने हात पूर्ववत झाला, जीभ सुटली, पण तोवर चांगुणाने मांडव असा काही पकडला होता की ती शेवटपर्यंत थांबली नाही.

एकट्या अंकिताला काहीतरी खटकलं. आपली आजी आपण होऊन चांगुणाला ओळ देईल हे तिच्या बुद्धीला पटेना. घरी येताना तिने स्कूटी बाजूला घेतली.

"आजी, खरं सांग. काय झालं होतं?"

"काय नाय. नजर लागली. वाडीतल्या बाया लय बगत व्हत्या."

"तू चांगुणाआजीला ओळ दिलीस?"

मालूबायने स्कूटीच्या आरशात बघून नथनी सरळ केली. खोटं बोलायला तिची ना नव्हती, पण हे खोटं तिच्या तोंडून निघेना.

दुसऱ्याच दिवशी अंकिताने सुट्टी टाकली. गावच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, हात वर करायला लावले, हसायला लावलं, मग मानेवर नळी ठेवून बराच वेळ ऐकत बसले. तिथल्या तिथे रक्त पातळ करायची गोळी दिली. डोक्याचा स्कॅन काढून घेतला, त्यात नशिबाने काही निघालं नाही. आणि म्हणाले, आता मानेच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी करून घ्या, लगेच, आजच्या आज.

मानेची तपासणी म्हटल्यावर मालूबायला एकदम हुरूप आला. मानेत गळा, गळ्यात आवाज, आणि आवाजाच्या बाबतीत ती कुणाच्या बापाला भीत नव्हती. घरी येऊन तिने मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या. ज्येष्ठमधाची कांडी दाढेत धरली. जेवताना दह्याला हात लावला नाही. अंकिता म्हणाली, "आजी, तिथे गायचं नसतं." मालूबाय म्हणाली, "तयारीनं गेलेलं बरं."

सोनोग्राफी सेंटर पनवेलात, वडाळे तळ्याजवळच्या गल्लीत. ते चालवते डॉक्टर यूम्ना, म्हणजे बाजारातल्या बांगडीवाल्या अब्दुलभाईंची मुलगी. आता या घराचा नि मालूबायचा संबंध जुना. नेऱ्यातल्या नवऱ्या मुली चुडा भरायला अब्दुलभाईंकडेच जायच्या, आणि बरोबर धवलारीण म्हणून मालूबाय. नवरीच्या हातात हिरव्या बांगड्या सरकायला लागल्या की मालूबाय दुकानातच गुणगुणायला सुरुवात करायची, आणि गल्ल्याशेजारी गणितं सोडवत बसलेली छोटी यूम्ना पेन्सिल खाली ठेवून ऐकायची. तीच यूम्ना आता पांढरा कोट घालून मशीनवर बसते.

बाहेरच्या बाकड्यांवर सगळ्या पोटुशा बाया. त्यांच्यामध्ये मालूबाय, काष्टा सावरून, नाकात नथनी, गळ्यात पुतळ्यांची माळ. शेजारचीने आपुलकीने विचारलं, "सुनेला आणलंय का आजी?"

"नाय गो. माजाच नंबर हाय."

बाई गोंधळली. मालूबायने तिच्या मांडीवर थाप मारली आणि म्हणाली, "घाबरू नको. माजं पोट नाय, गला बगनार हाय." मग बाकडंभर बायका हसल्या, आणि नंबर येईपर्यंत मालूबायने दोघींच्या बाळंतपणाची तारीख, एकीच्या सासूचा स्वभाव आणि तिसरीचं माहेर काढून घेतलं.

आत गेल्यावर पहिली अडचण सोन्याची. मान मोकळी पाहिजे. पुतळ्यांची माळ निघाली, गळसर निघाली, त्याखालून आणखी एक निघाली. अंकिताची ओंजळ भरली. मंगळसूत्राला मात्र मालूबायने हात लावू दिला नाही.

"ते राहू दे मावशी, खाली सरकवते," यूम्ना म्हणाली. "अब्बा म्हणतात, मालूमावशीच्या गळ्यातलं सोनं मोजण्यापेक्षा दुकानातल्या बांगड्या मोजणं सोपं."

"अब्दुलभाय बरा हाय ना?"

"अल्लाचा शुक्र. आता बोलायचं नाही हं मावशी. गिळायचंही नाही. शांत पडून राहायचं."

हे मालूबायला सगळ्यात जड गेलं. उशी काढून घेतली, मान मागे टाकली, गार जेलीचा गोळा पडला तसं अंग शहारलं. यूम्नाने हातातला प्रोब गळपट्टीच्या हाडापासून वर जबड्यापर्यंत हलकेच फिरवला. पडद्यावर आधी काळं-करडं काहीतरी हललं, मग त्यात लाल-निळा रंग भरला. मालूबाय तिरक्या डोळ्याने बघत होती. तिला त्यात पाऊस दिसला, चिखल दिसला, पण गळा कुठे दिसेना.

मग यूम्नाने आवाज लावला.

धुस्, धुस्, धुस्. खोल, संथ, जाड आवाज. आपल्या आत इतका आवाज चालतो हे मालूबायला सत्तरीला टेकल्यावर कळत होतं, आणि ती तोंड मिटून चाट पडली. उजवी बाजू झाली. यूम्नाने तिचं तोंड उजवीकडे वळवलं आणि डाव्या बाजूला प्रोब लावला. खाली तसाच आवाज आला. पण प्रोब वर सरकत जिथे नळीला दोन फाटे फुटतात तिथे आला, आणि आवाज एकदम चढला. बारीक, उंच, धारदार, शीळ घालावी तसा. मालूबायचं गाणारं काळीज हरखलं. बोलायचं नाही हे ती विसरली.

"ही बाजू गाते गो पोरी. ती उजवी अगदी ढिम्म हाय. डावीचा सूर बग कसा वर लागलाय."

यूम्ना पडद्याजवळ वाकली. तिने प्रोब तिथेच धरला, पुन्हा मोजलं, थोडा वाकडा धरून पुन्हा मोजलं. मग आवाज बंद केला. खोलीत फक्त एसीची घरघर राहिली. अंकिताने आजीचे दागिने पोटाशी घट्ट धरले.

"मावशी," यूम्ना कागदाने मान पुसत म्हणाली, "जी ढिम्म आहे ना, ती चांगली आहे. रक्त निवांत चाललंय, म्हणून आवाज खाली. डावीकडे नळीत चरबी आणि चुना साचलाय. पाऊण वाट बुजलीय. एवढ्याशा फटीतून रक्ताला धावावं लागतं, म्हणून आवाज चढतो. अंगणातल्या पाण्याच्या पाइपावर अंगठा दाबला की कसं होतं, तसं."

मालूबायला पाइपाचं काही उमगलं नाही. तिला बापाच्या मिठागराची उघाडी आठवली. भरतीचं पाणी आत घ्यायला बांधाला ठेवलेलं ते तोंड. त्यात चिखल धरला की पाणी ओरडत आत यायचं. बाप झोपेतून तो आवाज ऐकून उठायचा आणि फावडं घेऊन धावायचा. लहानपणी तिला वाटायचं, उघाडी गातेय.

"चिखल धरलाय," ती म्हणाली.

"हां. आणि त्यातला एखादा कण सुटून डोक्यात गेला होता, त्या दिवशी, मांडवात. आपोआप विरघळला, नशीब. पुढचा विरघळेलच असं नाही. ऑपरेशन करून नळी साफ करावी लागेल मावशी. आणि थांबून चालणार नाही."

मालूबायने एकच प्रश्न विचारला. "आवाजाला काय व्हईल?"

यूम्नाने लहानपणी तो आवाज ऐकला होता, म्हणून तिने गोड बोलून वेळ मारून नेली नाही. "आवाजाची नस त्या नळीच्या अगदी शेजारून जाते. बहुतेक वेळा काही होत नाही. कधी कधी ती दुखावते, मग आवाज बसतो. काही आठवडे, काही महिने. क्वचित कायमचा. पण नाही केलं आणि झटका आला, तर डाव्या बाजूच्या मेंदूत शब्द असतात मावशी. आवाज राहील, पण गायला काही राहणार नाही."

मालूबाय उठून बसली. गळसर घातली, माळ घातली, एकेक फासा नीट बसवला. "नातीचं लगीन झालं की करू," ती म्हणाली, आणि पदर सावरून बाहेर पडली.

त्यानंतर घरात जे सुरू झालं त्याला तमाशा म्हणायचा की सत्याग्रह, हे ज्याने त्याने ठरवावं. धनेश हा मालूबायचा मुलगा, अंकिताचा बाप. खडी-रेतीचा धंदा, खांबांचा बंगला, ड्रायव्हरांवर ओरडून कमावलेला आवाज. तो आवाज त्याने आईवर लावला आणि तोंडघशी पडला. तो शहरातल्या मोठ्या इस्पितळातल्या सर्जनला कागद दाखवून आला. सर्जनही तेच म्हणाला, लवकर, या पंधरवड्यात. अंकिताने वेगळा डाव टाकला.

"मी लग्नच पुढे ढकलते."

"ढकल. मग मी जेवनच सोडतंय."

"आजी, हा ब्लॅकमेल आहे."

"त्ये काय असंल त्ये असू दे. जासईला जानाऱ्या माज्या नातीचा धवला दुसऱ्या कोनी टाकला, तर आत्या वरून थुकेल माज्यावर."

आणि या आगीत तेल ओतायला चांगुणा आली, केळीचा फणा घेऊन. प्रकृतीची चौकशी केली, उसासे टाकले, आणि जाता जाता म्हणाली, "तू काय काळजी करू नको मालू. अंकिताचा धवला मी सांबालीन." चांगुणाच्या मनात काही वाईट नव्हतं, निदान फार नव्हतं. पण ती वळणावर दिसेनाशी व्हायच्या आत मालूबायने ऑपरेशनचं नाव काढायला घरात बंदी घातली.

खरं म्हणजे मालूबाय घाबरली होती. मरणाला नव्हे, मरण तिच्या मते कुणालाच चुकलेलं नाही, त्याच्याशी भांडण कशाला. तिला भीती होती ती उठल्यावर तोंड उघडावं आणि आतून कुणा दुसऱ्याच बाईचा आवाज यावा याची. लिहिता-वाचता येत नाही, जमीन नवऱ्याच्या नावावर, बंगला मुलाच्या नावावर. तिच्या स्वतःच्या नावावर असं जे काही होतं ते या गळ्यात होतं. हे ती कुणाला बोलली नाही, कारण बोलली असती तर रडली असती, आणि रडल्यावर तिचं कुणी ऐकलं नसतं.

दोनतीन दिवसांनी तिन्हीसांजेला ती जुन्या घराच्या ओट्यावर वाल सोलत बसली होती. समोर रामू. या सगळ्या गोंधळात त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. बहिऱ्या माणसाला घरात जेवायला बोलावतात, सल्ल्याला नाही. तो आपला तिच्या तोंडाकडे बघत होता.

"काय बगताय?" ती खेकसली.

"ऐकतंय."

"कानात कायबी जात नाय, आनि म्हनं ऐकतंय."

रामूने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मालू, एक सांगू? माजा डावा कानबी गेला. लय वर्सं झाली. मना तुजा आवाज कायच येत नाय."

मालूबायच्या हातातली शेंग तशीच राहिली. "मग मांडवात येऊन बसता ते?"

"तोंड बगतंय तुजं. ओठ हलले की मना समजतंय कंची ओळ हाय. पयला कान चांगला व्हता तवा ऐकलेली समदी पाठ हाय मना, मंग आता डोल्यानं ऐकतंय. बाकीच्यांचं नाय येत मना. धनेश काय बोलतंय ते नाय समजत, पोरगी लय घाईनं बोलते. तुजंच येतंय." तो थांबला, टोपीची कड चाचपत राहिला. "त्या वाडीच्या हळदीला तुजं तोंड वाकडं झालं. मना कायच ऐकू आलं नाय. समदा मांडव एकदम गप झाला माजा. मी घाबरलो गो."

मालूबाय बघत राहिली. गाव तीस वर्षं ज्यावरून हसलं, तिने स्वतः ज्याचा मनातल्या मनात हार करून घातला, ते टक लावून बघणं हे असं होतं.

"आवाज गेला तर गेला," रामू म्हणाला. "मना तसाबी नाय येत. पन तोंड वाकडं करू नको. मंग मी कोनाशी बोलू?"

वालाच्या शेंगा तशाच राहिल्या. मालूबाय आत गेली आणि अंकिताला म्हणाली, "त्या डाक्तरला फोन लाव. आनि चांगुनाला कायबी सांगू नको."

चांगुणाला अर्थातच दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं कळलं.

ऑपरेशन झालं. मानेवर डाव्या बाजूला टाक्यांची उभी रेघ आली, जी पुढे गळसरीखाली झाकायची असं ठरलं. मालूबाय शुद्धीवर आली तेव्हा तिने आधी उजव्या हाताची बोटं चिमटीसारखी जुळवून बघितली. जुळली. मग तिने खाटेशेजारी उभ्या रामूकडे बघून ओठ हलवले. रामूने मान डोलावली आणि धनेशला सांगितलं, "च्या मागते."

आवाज मात्र बसला होता. घोगरा, फाटका, हाताच्या अंतरापलीकडे न पोचणारा. सर्जन म्हणाला, येईल हळूहळू, नस दुखावलीय, तुटलेली नाही. मे महिन्यात यूम्नाने पुन्हा मानेची सोनोग्राफी केली तेव्हा डावीकडून, उजवीकडून तोच आवाज आला. धुस्, धुस्.

"दोन्ही ढिम्म," मालूबाय कुजबुजली.

"माशाल्ला, दोन्ही ढिम्म," यूम्ना म्हणाली, आणि तिने कागदाने मालूबायची मान पुसली, मग त्याच कागदाच्या कोऱ्या कोपऱ्याने स्वतःचे डोळे.

हळदीचा दिवस आला, तोवर आवाज फारसा सुधारला नव्हता. डीजे बंद ठेवायचा हुकूम धनेशने स्वतः दिला. ठरलं असं की मालूबायने चौक भरायचा, ओळ कुजबुजत टाकायची, आणि चांगुणाने ती मोठ्याने घ्यायची. मालूबायने हे कबूल करताना असं तोंड केलं की चांगुणालाच अपराध्यासारखं वाटलं.

आता गंमत बघा. इतका विचार केला, पण एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही, कारण ती इतकी जुनी होती की ती गोष्ट आहे हेच कुणाला दिसत नव्हतं. मांडवात आल्यावर सगळ्या आपापल्या नेहमीच्या जागी बसल्या. मालूबाय पुढे, चौकाजवळ. चांगुणा आणि बायका तिच्या पाठीमागे. समोर खांबाला टेकून रामू.

मालूबायने पिठाची चिमूट घेतली. रेघ सरळ पडली, एकसारखी, आणि तिला हायसं वाटलं. सुरुवातीच्या ओळी चांगुणाला पाठ होत्या, त्या तिने घेतल्या, बायकांनी उचलल्या. मग ती जागा आली जिथे देवांना आणि गावांना एकेकाला नावानं बोलवायचं असतं. त्याचा क्रम फक्त मालूबायला ठाऊक, कारण दर घराचा तो वेगळा. नवरीच्या कुळाची गावं, मग आजोळची, मग खाडीपलीकडची. मालूबायने पहिलं नाव कुजबुजलं. मांडवात माणसं, पोरं, भांडी. पाठीमागे चांगुणाला हवासुद्धा पोचली नाही. तिने पुढे वाकून कान दिला. मालूबायने पुन्हा कुजबुजलं, घशात कळ आली, खोकला आला. चौकावर पीठ पडत राहिलं आणि धवला थांबला.

अंकिता पाटावर हळद लावून घ्यायला बसलेली, तिने आजीकडे बघितलं. मालूबायच्या डोळ्यांत जे होतं ते बघून ती उठायलाच निघाली होती.

एवढ्यात समोरून आवाज आला. जाडाभरडा, बेसूर, स्वतःचा आवाज ऐकू न येणाऱ्या माणसाचा असतो तसा गरजेपेक्षा मोठा.

ओळ होती ती. पुरी ओळ, नावासकट.

सगळा मांडव वळला. रामू खांबाला टेकून बसला होता, नजर बायकोच्या तोंडावरून हललेली नव्हती. पुरुषाने धवला टाकला असं नेऱ्याने कधी ऐकलं नव्हतं. बायकांनी पदर तोंडात धरले, पोरं खिदळायला लागली, धनेशने कपाळाला हात लावला. मालूबायचे ओठ पुन्हा हलले. रामूने दुसरी ओळ टाकली. जासईची, तिच्या माहेरची.

चांगुणाने सगळ्यात आधी हसू गिळलं. तिने रामूची ओळ उचलली, त्या बेसुराला सुरात घेतलं, मोठ्या, मोकळ्या, सुंदर आवाजात. मागच्या बायका तिच्यामागे आल्या. मालूबाय ओठ हलवायची, समोरून रामू टाकायचा, पाठीमागून चांगुणा उचलायची, आणि मधे बसून मालूबायची चिमूट चौकाच्या रेघा ओढत होती. एकेक गाव आलं, एकेक देव आला. अंकिता हळदीच्या तोंडाने रडत होती नि हसत होती, आणि हळद लावणारीला तिचा गाल धरता येईना.

मालूबायला स्वतःचं हसू आवरेना. म्हातारा इतका वाईट गात होता की आत्या वरून खरंच थुंकली असती. आणि तिला असं भरून आलं होतं की पिठाची रेघ डोळ्यांपुढे दोन-दोन दिसत होती. तिला क्षणभर थांबायचं होतं, पदराने डोळे पुसायचे होते. पण समोर रामू पुढच्या ओळीसाठी तिच्या तोंडाकडे बघत बसला होता, म्हणून तिने पुढची ओळ टाकली.